वडोदरा: मही, विश्वामित्री, वढवाणा – पाण्याकाठी मातीवर धावायला कुठे, कधी आणि कसं?

कमाटीबाग_सकाळ

नमस्कार मंडळी. आठवड्याला ३५ ते ४० किमी धावणं होतं, पण सगळं डांबरावर नाहीतर कमाटीबागेतल्या फरसबंदीवर. हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन करायची आहे. नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागायला लागलाय, म्हणून आठवड्यातले दोन दिवस मातीवर काढायचे ठरवले आहेत, शक्यतो नदी-तलावाच्या काठाने. एक वाट ८–१० किमीची, शहरातून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल अशी हवी, आणि एक रविवारची, १६–१८ किमीची.

विश्वामित्रीच्या काठाने सलग धावता येईल अशी पायवाट आहे का, आणि मगरींचं काय? सिंधरोटला महीच्या पात्रात उतरून वाळूत धावावं की वरून कोतरांच्या (काठाला पडलेल्या घळींच्या) कडेने? वढवाणा तलावाच्या पाळीवर धावू देतात का? पाऊस पडून गेल्यावर किती दिवस थांबायचं? रस्त्यावरचेच बूट चालतील का?

नेटवर या जागांबद्दल जे मिळतं ते सहलवाल्यांसाठी किंवा पक्षी बघणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. धावणाऱ्याच्या पायाखाली काय येतं हे कोणी लिहीत नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

गोराडू

जागा नंतर निवडा, आधी माती बघा. वडोदऱ्याच्या आसपास दोन वेगळ्या जमिनी आहेत आणि दोघींचे नियम वेगळे. पश्चिमेला महीच्या बाजूला गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित, पिवळट-तांबूस, पाणी पटकन पिणारी. दक्षिणेला आणि डभोई-करजणकडे कानम पट्ट्याची काळी कपाशीची माती. गोराडूत जोरदार सरीनंतर एक दिवस सोडलात की पुरे. काळ्या मातीत चार-पाच दिवस ऊन पडू द्यावं लागतं आणि सप्टेंबरअखेरीस तर आठवडा, कारण जमीन खालपर्यंत भरलेली असते.

लोक फसतात ते इथे: काळी माती पूर्ण ओली असताना पाय बुडतो, पण चिखल सुटतोही. खरा छळ ती अर्धवट वाळलेली असताना होतो. वरून सुकल्यासारखी दिसते, आतून मळलेल्या कणकेसारखी असते. पहिला थर तळव्याला बसतो, त्या थराला पुढची माती चिकटते आणि शंभरएक पावलांत बुटाखाली भाकरीएवढी जाड चकती तयार होते. मग पाय उचलताना घोटा वाकडा पडतो आणि मांडीचा पुढचा स्नायू भरून येतो. म्हणून गाडीतून उतरल्यावर आधी मूठभर माती उचला. तळहातावर घोळून शेवईसारखी लांब लड वळली आणि तुटली नाही, तर त्या दिवशी त्या वाटेला जाऊ नका. गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर निघा. थापटून बसला तर परत फिरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, अख्खा रविवार वाचतो.

आता सिंधरोट. गोत्री–सेवासी रस्त्याने जाता येतं, तुमच्या ८–१० किमीच्या दिवसासाठी याहून चांगली जागा जवळ नाही. पण पात्रात उतरू नका, वरूनच धावा. कारणं सांगतो.

कोरड्या सैल वाळूत धावायला कडक जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते, कारण पोटरीने दिलेला रेटा वाळू सरकण्यात वाया जातो. वाळू आणि रस्ता यांचा वेग एकाच वहीत मोजलात तर हिशेबच लागणार नाही. मग माणूस आपोआप पाण्यालगतच्या ओल्या, दाबलेल्या पट्टीकडे सरकतो. धावायला ती पट्टी छान आहे यात शंका नाही, पण मगरीच्या दृष्टीनेही तीच जागा सोयीची. शिवाय जिथे रेती काढलेली असते तिथे खड्डे पाण्याने आणि गाळाने भरून वर पातळ वाळूचा पापुद्रा धरतात. दिसायला सपाट, पाऊल टाकलं की गुडघाभर आत. मोठ्या टायरांचे ठसे दिसले की त्या बाजूला वळूच नका. आणि पावसाळ्यात वर कडाणा धरणातून आणि वणाकबोरीच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं की इथे आभाळ निरभ्र असतानाही पात्र वाढतं. जुलै ते ऑक्टोबर पात्र विसरा.

वरची वाट म्हणजे कोतरांच्या डोक्यावरून शेतं आणि घळी यांच्या मधून जाणारी पायवाट. ती एका ओळीत जात नाही. दर दोन-चारशे मीटरला एखादं कोतर आत घुसतं, वाट त्याला वळसा घालते. त्यामुळे नकाशावर तीन किमी दिसणारं अंतर पायाखाली चार-साडेचार होतं. कडेपासून निदान तीन मीटर आतून धावा. गोराडूची भिंत खालून पाण्याने पोखरली जाते आणि वरचं गवत शाबूत राहतं, म्हणून कड जाड वाटते आणि असते पोकळ. कडेला समांतर गेलेली बारीक भेग दिसली तर तिच्या आतल्या बाजूनेच जा, भेगेपलीकडचा तुकडा पुढच्या पावसात जाणारा असतो.

शेतांमधल्या खोलगट वाटा, ज्यांना इथले लोक नेळियुं म्हणतात, त्या दोन्हीकडे थोराचं कुंपण असल्यामुळे उन्हात सावली देतात. पण ट्रॅक्टरने त्यांच्या मध्यभागी पिठासारखी वाळू केलेली असते. चाकोरीत न धावता मधल्या उंचवट्यावर, जिथे हरळी असते, तिथून धावा. पावसात याच वाटा ओढे होतात.

पहिल्या दोन-तीन खेपा गेलात त्याच वाटेने परत या, गोल फेरी नको. कोतरांमध्ये फोनवरचा नकाशा मागे पडतो आणि एक घळ दुसरीसारखीच दिसते. घड्याळात २५ मिनिटं झाली की वळायचं, अंतर काहीही असो.

पाणकणीस

विश्वामित्रीचं आधी, कारण तिथे चुकलात तर दुसरी संधी नाही.

शहरातून सलग धावता येईल अशी काठाची पायवाट नाही. तुकडे आहेत, मध्ये घरं, पूल, कांसांची (पावसाळी नाल्यांची) तोंडं आणि वेड्या बाभळीची जाळी. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर २०२५ मध्ये पात्र खोल-रुंद करण्याचं मोठं काम झालं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी उतार नव्याने कापलेले आहेत आणि माती अजून बसलेली नाही. नदी पावागडातून येते, गावातून जाते आणि पुढे ढाढरला मिळते. या सगळ्या लांबीत मगरी आहेत, अगदी भर वस्तीतल्या पुलांखालीसुद्धा.

इथली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली, आखूड रुंद तोंडाची. ती माणसामागे जमिनीवर धावत सुटत नाही. ती पाण्याच्या कडेला दबा धरते आणि जे कडेला येतं त्यावर झेप घेते. म्हणून धोका 'नदीकाठ' या शब्दात नाही, शेवटच्या काही मीटरांत आहे. मी म्हणेन पाण्यापासून दहा मीटर अंतर ही लक्ष्मणरेषा समजा, आणि जिथे उतार गुळगुळीत घासलेला, गवत नसलेला, घसरगुंडीसारखा दिसतो तिथे त्याहून लांब. ती त्यांच्या वर-खाली जायची वाट असते. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहा वाजल्यानंतर त्या उन्हात पडलेल्या दिसतात. दिसणारी मगर टाळता येते, संध्याकाळी न दिसणारी नाही. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी काठापासून दूर झालेलं बरं. मार्च-एप्रिलमध्ये माद्या काठाच्या मातीत अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडाशी बाहेर पडतात. त्या दिवसांत मादी जागा सोडत नाही आणि जवळ आलेल्याला सहनही करत नाही. पूर आला की मगरी कांसांतून सोसायट्यांपर्यंत येतात, तेव्हा पुरानंतर आठवडाभर पाणी साचलेल्या मोकळ्या मैदानांतही धावू नका.

मगर वाटेत दिसली तर दगड मारायचे नाहीत, फोटोसाठी जवळ जायचं नाही. मागे वळून उंच बाजूला निघून जायचं आणि वनखात्याला कळवायचं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे तो.

पावसाळ्यात एक सवय लावून घ्या: निघण्याआधी आजवा तलावाची पातळी आणि काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी बघायची, दोन्ही आकडे फुटांत जाहीर होतात. आजव्यातून पाणी सुटलं की इथे पाऊस नसला तरी नदी चढते.

आता वढवाणा. डभोईच्या पुढे आहे. गायकवाडी काळातला, १९१० चा सिंचन तलाव, ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्याहून वळवून भरतात. २०२१ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पाळ मातीची, पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग. धावायला पाळ छानच आहे: सपाट, वाऱ्याची, दोन्हीकडे नजर जाते. पण डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे हंस, चक्रवाक, क्रौंच आणि बदकांचे थवे उतरलेले असतात, आणि पाळीवरून धावणारा माणूस पक्ष्याच्या डोळ्यांना आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारा उंच आकार दिसतो. चालणाऱ्या माणसाला जो थवा बसू देतो तो धावणाऱ्याला उठतो. हजारो मैलांवरून आलेला पक्षी दिवसात चार वेळा उगाच उठला तर त्याने खाल्लेलं त्यातच जातं. म्हणून माझं स्पष्ट मत: हंगामात पाळीवर धावू नये. गेटवर वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारा, पाळीवर चालत जा, दुर्बीण घेऊन जा. धावणं आजूबाजूच्या गावांना जोडणाऱ्या गाडवाटांवर करा. कपाशी, एरंड आणि तुरीच्या शेतांतून त्या जातात, रविवारचे १६ किमी सहज जमतात. फक्त काळी माती आहे, वर गोराडू यांनी सांगितलेली मुठीची परीक्षा इथे चुकवू नका. आणि रब्बीसाठी पाटाला पाणी सोडलेलं असेल तर पाऊस नसतानाही वाट मधूनच चिखलाची होते. पाट कुठल्या बाजूला चालू आहे हे गावात चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं.

फेब्रुवारीनंतर तलाव उतरतो आणि कडेचा तळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, फरशीसारखा दिसतो. भेगेत वाकून बघा: आत गडद, ओलसर रंग दिसला तर वरचा पापुद्रा दोन बोटांपेक्षा जाड नाही. सगळ्या भेगा खालपर्यंत फिक्या राखाडी झाल्यावरच ती जमीन माणूस पेलते.

झाडांवरून जमीन वाचायला शिका, डोळ्यांना सवय झाली की धावता धावता जमतं. हरळी आहे तिथे निर्धास्त. लव्हाळा दिसला की ओल आहे, पाऊल आखूड करा. बेशरमाची जांभळी फुलं दिसली तर खाली वर्षातले बरेच महिने पाणी उभं असतं. आणि पाणकणीस, ते तपकिरी कणसांचं उंच पातं, म्हणजे तिथे आत्ताही पाणी आहे, जमीन नाही.

टाच_आणि_चवडा

बूट आणि नडगीबद्दल लिहितो, वाटांबद्दल वर चांगलं आलंय.

गोराडूवर रस्त्याचे बूट चालतात. तळ फार गुळगुळीत झालेला नसावा, एवढंच. काळ्या मातीसाठी मात्र तळाचे रबरी खिळे ४–५ मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब हवेत. जवळ-जवळ असलेले खिळे माती धरून ठेवतात आणि मग तुम्ही सपाट तळाचाच बूट घातल्यासारखं होतं. दुकानात खिळ्यांच्या मधून करंगळी फिरवून बघा. बोट अडत नसेल तर माती सुटेल. फार जाड, मऊ उशीचे बूट इथे नकोत. असमान जमिनीवर उंच तळ घोटा मुरगळायला मदत करतो.

वेड्या बाभळीचा काटा ही या भागातली सगळ्यात रोजची तक्रार आहे. मऊ फोममधून तो सरळ आत येतो. टाचेखाली किंचित टोचतंय असं वाटलं तर लगेच थांबा, बूट काढा, आतून हात फिरवा. पुढे धावत राहिलात तर काटा आत मोडतो आणि टोक पायात राहतं, ते पिकतं. छोटा चिमटा पट्ट्याच्या खिशात ठेवा. तळात मधे पातळ, कडक पट्टी असलेले बूट मिळतात, तिथे काटा बराच अडतो.

मोजे सुती नकोत. भिजले की सुकत नाहीत आणि फोड येतात. पातळ सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित घ्या. नाडी बांधताना सगळ्यात वरच्या जादा भोकातून छोटा फास करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओढा, चिखलात टाच वर सटकत नाही.

घरी आल्यावर काळा चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की ब्रशचे केस तुटतील पण तो निघणार नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, सावलीत ठेवा. उन्हात किंवा हिटरजवळ ठेवलेत तर तळाचा गोंद सुटतो.

नडगी: मातीवर आलात म्हणून ठणका आपोआप जाणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. धक्का कमी होतो हे खरं, पण असमान जमिनीवर पोटरीचा आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायू जास्त काम करतो, आणि नडगीच्या त्याच कडेला तो ओढतो. म्हणून पहिले दोन आठवडे मातीवरचं अंतर आठवड्याच्या एकूण अंतराच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. तुमच्या ४० मध्ये १० झाले, तेही दोन तुकड्यांत, पाच-पाच. मग आठवड्याला दोन-तीन किमी वाढवत जा. पावलं आखूड, वेग किलोमीटरमागे ३० ते ४५ सेकंदांनी कमी. घड्याळापेक्षा श्वास बघा.

बोटाने दाबून बघा. दुखरा भाग नडगीच्या कडेने पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पसरलेला असेल तर बहुधा स्नायू आणि हाडाच्या आवरणाची कुरकुर आहे, कमी करून, हळूहळू वाढवून बरी होते. पण एकाच बोटाएवढ्या जागी टोचून दुखत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा एका पायावर उडी मारली की तिथेच कळ येत असेल, तर धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर असू शकते.

आणि उतार. पाळीची कड असो की नदीचा काठ, जमीन एका बाजूला कललेली असते. वरच्या बाजूचा पाय आत वळतो, खालच्याच्या कमरेला ताण पडतो. गोराडू यांनी गेल्या वाटेनेच परत यायला सांगितलंय, त्याचा इथे दुसरा फायदा होतो: परतताना पाय बदलतात. एकाच दिशेने गोल फेऱ्या मारणाऱ्यांना एकाच गुडघ्याचा बाहेरचा भाग धरतो, तो यामुळेच.

कमाटीबाग_सकाळ

फारच उपयोगी, सगळ्यांचे मनापासून आभार. दाबून पाहिलं, दुखरा भाग लांब आहे, एका जागी नाही, आणि रात्री दुखत नाही. विश्वामित्रीचा नाद सोडला.

दोन शंका राहिल्या. मधल्या वारी गाडी काढून सिंधरोटपर्यंत जायला वेळ नसला तर नर्मदा कॅनॉलच्या कडेचा रस्ता कसा आहे? आणि साप, कुत्री यांचं काय करायचं? शिवाय एका मित्राने कावी-कंबोईच्या बाजूला, खाडीकाठी ओल्या चिखलाच्या मैदानावर धावू या असं सुचवलंय.

वाडीकर

कॅनॉल: छाणी, समा, अंकोडिया, शेरखी या बाजूंनी मुख्य कालव्याच्या कडेचा देखभालीचा रस्ता आहे. कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे कच्चा. जिथे मुरूम दाबलेला आहे तिथे नडगीला डांबरापेक्षा नक्की बरं, सरळ आणि सपाट असल्यामुळे ठराविक वेगाच्या सरावाला उत्तम. सावली नाही, त्यामुळे फेब्रुवारीनंतर साडेआठच्या आत संपवा. फाटक असेल, अडवलं तर वाद न घालता परत फिरा, तो खात्याचा रस्ता आहे.

एकच गोष्ट काळजावर कोरून ठेवा. कालव्याच्या आतल्या उतारावर पाय ठेवायचा नाही. हात धुवायला नाही, पडलेली बाटली काढायला नाही, कुत्र्याला वाचवायलाही नाही. सिमेंटचं अस्तर पाण्याच्या रेषेखाली शेवाळाने साबणासारखं झालेलं असतं, उतार असा की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, आणि पाणी वरून संथ दिसलं तरी ओढ जोरदार असते. कोणी पडलेलं दिसलं तर दोरी, ओढणी, फांदी फेका, मागून उडी घेऊ नका. मगरीही कालव्यात शिरतात.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही या भागात आहेत. धावणाऱ्याची गाठ पडते ती बहुतेक घोणशीशी, कारण ती पळत नाही, पाचोळ्यात वेटोळं करून बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार टाकते. कानात गाणी लावली असतील तर तो ऐकू येणार नाही, म्हणून गवताळ वाटेवर कान मोकळे ठेवा. पायाखालची तीन-चार मीटर जमीन दिसत नसेल तर धावायचं नाही, चालायचं. इथे डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पाचला उठून अंधारात पायवाट धरण्यात शहाणपण नाही, तेवढा वेळ रस्त्यावर गरम होण्यात घालवा.

चावलाच तर पाय हलवू नका, घट्ट बांधू नका, चिरू नका, चोखू नका. बूट आणि अँकलेट सूज यायच्या आत काढा. १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी रुग्णालयात. शहरात सयाजी. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही आणि सुजतही नाही, म्हणून 'काही झालं नाही' असं ठरवून घरी जायचं नाही. चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची किंवा फोटो काढायला मागे जायची गरज नाही.

कुत्री वाटेवर नाही, वस्तीच्या आणि शेतातल्या झोपड्यांच्या तोंडाशी असतात. पन्नास मीटर आधीच धावणं थांबवून चालत जा, नजरेला नजर देऊ नका, वस्ती मागे पडली की पुन्हा सुरू करा. दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस.

पुराचं किंवा साचलेलं पाणी तुडवावं लागलं आणि पायाला कापलेलं-खरचटलेलं असेल, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांकडे दुर्लक्ष करू नका. डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका त्यावरूनच येते.

सोबत: तासाला ४०० ते ६०० मिली पाणी, त्यात एका बाटलीत ओआरएस, चिमटा, शिट्टी, पन्नास-शंभर रुपये सुटे, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि कुठून निघालात, किती वाजता परत येणार, हे घरी कुणाला तरी लिहून पाठवा.

पाणकणीस

कावी-कंबोईबद्दल: नको. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक जगातल्या मोठ्या फरकांपैकी आहे. स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्यात जातं ते काही चमत्कार म्हणून नाही, तिथली जमीनच इतकी सपाट आहे. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येत नाही. ते आधी नाल्यांमधून तुमच्या मागे जातं आणि मग मधली जमीन बुडते. चिखल इतका बारीक आणि खोल की मांडीपर्यंत रुतलेला पाय जितका ओढाल तितका घट्ट बसतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून 'गेल्या रविवारी याच वेळी कोरडं होतं' हा हिशेब तिथे खोटा ठरतो. कुणी रुतलंच तर उभं राहून जोर लावू नये. मागे झुकून, आडवं होऊन वजन पसरायचं, पाय गोल फिरवत एकेक सोडवायचा आणि सरपटत आल्या वाटेने मागे. देवदर्शनाला जा, धावायला नाही.

रविवारी लांब जायची तयारी असेल तर त्यापेक्षा नर्मदेकडे जा. चांदोद, मालसर, नारेश्वर, सगळी उत्तर काठावरची गावं आहेत. आपल्याकडची कितीतरी माणसं नारेश्वर-गरुडेश्वरचं दर्शन करतात, परिक्रमावासींच्या पायांनी रुळलेल्या वाटा तिथे आहेत. कार्तिकीनंतर त्या वापरात येतात, म्हणजे गवत बसलेलं असतं आणि वाट दिसते. वाट बरीचशी काठाच्या वरून, केळीच्या बागांमधून जाते. बागांना पाणी चालू असल्यामुळे भर डिसेंबरातही मधले शंभर-दोनशे मीटर निसरडे असतात, आणि ठिबकच्या काळ्या नळ्या पाचोळ्याखाली आडव्या येतात. तिथे पाय उचलून टाका. परिक्रमावासी पुढे दिसले की 'नर्मदे हर' म्हणत चालत ओलांडा. त्यांना बाजूला व्हायला लावू नका. घाटावरून पाण्यात मात्र उतरू नका. वर सरदार सरोवराच्या वीजघरातून पाणी कमी-जास्त होतं, सकाळी दिसलेली पायरी दुपारी दिसेलच असं नाही, आणि मगरी नर्मदेतही आहेत.

गोराडू

वाडीकर यांच्या यादीत एक भर. मार्च ते मे महीच्या आणि ओरसंगच्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय, टिटवी वगैरे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर तुम्ही घरट्याच्या जवळ आहात. जिथून आलात त्याच पावलांवरून मागे फिरा, पुढे जाऊन वळसा घालू नका.

कमाटीबाग_सकाळ

ठरवलं ते असं: मंगळवारी कॅनॉल, अंकोडियाकडचा मुरूम, पाच किमी. शनिवारी सिंधरोट, वरची वाट, पाच किमी, गेल्या वाटेने परत. चार आठवडे ठणका वाढला नाही तर डिसेंबरच्या शेवटी मालसर. काही चुकतंय का?

टाच_आणि_चवडा

मंगळवार-शनिवारचं अंतर ठीक. फक्त शनिवारी मातीवर धावल्यावर रविवारी लगेच डांबरावर लांब पल्ला नको, निदान पहिले तीन आठवडे. पोटरी दुसऱ्या दिवशी जास्त धरते. शनिवारचं शुक्रवारी न्या, शनिवारी सुट्टी.

गोराडू

आणि सिंधरोटला पहिल्या खेपेला सोबत कुणीतरी घ्या. पुढचा शुक्रवार चालत असेल तर इथेच लिहा, सेवासीच्या वावेपाशी (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपाशी) सव्वासात.